मागून मोजणारे

सोमवार, ३ मार्च

आज हमीपत्रावर सही केली. माझे यजमान जनगणनेच्या कामावर अधिकारी आहेत हे मी समितीला आधीच कळवलं आहे, आणि फेरमोजणीचा अहवाल जाईपर्यंत आम्ही दोघं घरात कामाचा विषय काढणार नाही, असा मजकूर. समितीचे अध्यक्ष समोर बसले होते. त्यांना आमच्या फेरमोजणी कक्षात सगळे सरासरीसाहेब म्हणतात, कारण कुठलंही भांडण त्यांच्यापुढे गेलं की ते दोन्ही बाजूंची बेरीज करून दोनाने भागतात. सही झाल्यावर म्हणाले, “बाई, नवराबायकोला एकमेकांशी न बोलायची सरकारी सोय मिळतेय तुम्हाला. लोकांना त्यासाठी कोर्टात जावं लागतं.”

हसले मी. घराचा जिना चढताना मात्र मनात आलं, काम वजा केलं तर आम्ही बोलतो तरी काय? हे माणसं मोजतात आणि यांचं खातं कुठे चुकलं ते मी शोधते. लग्न झाल्यापासून घरात हाच विषय. लेक लहानपणी म्हणायची, आमच्याकडे ताटात आधी टक्केवारी वाढतात.

संध्याकाळी यांना कागद दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला.

“भाजीत मीठ कमी आहे, हे म्हटलेलं चालेल?”

“चालेल.”

“मग कमी आहे.”

मेअखेर हे निवृत्त होतात. ही यांची शेवटची जनगणना, आणि शहराचा वरचा भाग यांच्याकडे आहे. या कामाबद्दल यांना किती बोलावंसं वाटत असेल ते मला कळतं. पण सही ती सही.

गुरुवार, १३ मार्च

पहिली मोजणी संपली, आता आमची. मागून मोजणाऱ्यांचा वर्ग घेतला. सगळे बाहेरगावचे शिक्षक, म्हणजे इथल्या कुणाशी लागेबांधे नकोत. घसा बसलाय. दर वेळी तेच तेच सांगायचं आणि दर वेळी कुणाला तरी ते नव्याने पटवायचं, याचा आता कंटाळा येतो.

सांगितलं ते असं. निवडलेल्या गल्ल्यांमधली सगळी माणसं तुम्ही नव्याने मोजायची. पहिली यादी बघायची नाही, कुणी दाखवली तरी डोळे मिटून घ्यायचे. मग आम्ही कक्षात दोन्ही याद्या शेजारी ठेवून माणसाला माणूस जुळवतो. तुम्हाला सापडला पण पहिल्यांना सापडला नव्हता, असे जितके निघतील त्यावरून अख्ख्या शहरात किती सुटले असतील त्याचा अंदाज येतो.

मागच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं, “आणि जो आम्हालाही सापडला नाही तो?”

“तो कुठेच नाही,” मी म्हटलं.

कुणीतरी हसेल असं वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

मग खडूचं सांगितलं. पहिले मोजणारे प्रत्येक दाराच्या चौकटीवर खडूने आकडा घालतात आणि पुढचं घर कुठे आहे त्याचा बाण काढतात. मोजणी झाली की जनगणना खात्यानेच ते आकडे ओल्या फडक्याने पुसून टाकायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी घर हुडकावं लागतं. एकाने विचारलं, “पुसायचं राहिलं असेल तर?” मी म्हटलं, “राहत नाही.” इतक्या वर्षांत राहिलेलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

देखरेख माझ्याकडे म्हणून आज वरचा भाग बघून आले. दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे.

वरचा भाग म्हणजे जुन्या दगडखाणीच्या उतारावर एकावर एक चढलेली घरं. रस्ता असा नाहीच, नुसत्या पायऱ्या. एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. दार समोर असेलच असं नाही, बगलेत असतं, मागे असतं, धुण्याच्या दोरीआड असतं. अर्ध्या चढावर दवाखान्याची एक खोली आहे, कुलूपबंद. डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येतात. लोकसंख्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर तीन दिवस येतील, खाली राहिली तर आहे त्यातला एक दिवस जाईल. गेल्या जनगणनेपासून हे असं आहे. कुलपाजवळ एक म्हातारे गृहस्थ खोकत बसले होते. मी म्हटलं, आज दिवस नाही. ते म्हणाले, “मला माहीत आहे. खोकल्याला माहीत नाही.”

घरी आले तेव्हा चपला काढायलाही वाकता येईना. हे आधीच आले होते. काही न विचारता यांनी टबात गरम पाणी आणून ठेवलं. मी पाय सोडून बसले.

“वर गेली होतीस?”

“विषय नको.”

“मी गुडघ्यांबद्दल विचारतोय.”

“गुडघे कामावरून आलेत.”

टॉवेल देऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेऊन बराच वेळ कुणाशी तरी फोनवर बोलत होते. निवृत्तीनंतर एका मित्राबरोबर काहीतरी धंदा काढायचं यांच्या डोक्यात आहे, त्याचीच खलबतं असणार. आजपासून यांच्या खात्याची पुसणीही सुरू झाली आहे, एरवी हे त्याच कौतुकात असते. मी फार तोडून बोलले का? बोलले असेन. दमले होते.

बुधवार, २ एप्रिल

लेकीचा फोन. “आई, बाबा बरे आहेत ना?”

“त्यांनाच विचार की.”

“विचारलं. ते म्हणाले, आईला विचार.”

तिला हमीपत्राचं सांगितलं. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण हवापाण्यावर बोलायला कुणी मनाई केलीय? खरं आहे. पण एक दार बंद केलं की बाकीचीही आपोआप लोटली जातात. हल्ली घरात घड्याळ ऐकू येतं.

वरच्या भागात फेरमोजणी सुरू आहे आणि फारच लवकर उरकतेय. बाहेरगावची माणसं चपळ निघाली. देखरेखीला मी पुन्हा जायला हवं होतं, पण त्यांचं इतकं सुरळीत चाललंय म्हटल्यावर टाळलं.

मंगळवार, १५ एप्रिल

जुळणीचे पहिले आकडे आले. खालच्या भागांत शंभरातली तीनचार माणसं पहिल्या मोजणीतून सुटली आहेत, नेहमीसारखीच. वरच्या भागात जवळजवळ कुणीच नाही. शंभरातला अर्धाही नाही.

सरासरीसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “यजमानांना सांगू नका म्हणावं तर पंचाईत, सांगा म्हणावं तरी पंचाईत.”

“मी काहीच सांगणार नाही.”

“तुम्ही नाही हो. पण बातमीला पाय असतात.”

बातमी पोचलीच. संध्याकाळी हे आइस्क्रीम घेऊन आले. कशाबद्दल ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. समोरासमोर बसून खाल्लं. हे मधूनच गुणगुणत होते, फार दिवसांनी.

मला अभिमान वाटला. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायची सोय नाही. हा माणूस आयुष्यभर उन्हातान्हात दारोदार हिंडला, वरच्या पदांसाठी कुणाच्या पुढेपुढे करायला जमलं नाही, आणि जाता जाता सगळ्यांत अवघड भाग असा चोख मोजून दाखवला.

सोमवार, २१ एप्रिल

झोप नीट नाही.

वरचा भाग सगळ्यांत अवघड आणि तिथेच सगळ्यांत कमी चुका. असं होऊ शकतं. फार चांगले मोजणारे मिळाले तर होऊ शकतं. पण मग मागून मोजणाऱ्यांकडून तरी चारदोन माणसं इकडची तिकडे व्हायला हवी होती. तीही नाहीत. दोन्ही याद्यांमध्ये घरांचा क्रमसुद्धा तोच. दोन अनोळखी माणसं त्या पायऱ्यांच्या जंजाळातून अगदी एकाच वाटेने कशी फिरतील?

दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचा विभाग असता तर पहिल्याच दिवशी मी वर गेले असते. आठवडा झाला, गुडघ्यांची सबब सांगतेय. स्वतःलाच सांगतेय, दुसऱ्या कुणी विचारलेलंही नाही.

बुधवार, २३ एप्रिल

गेले.

मधल्या टप्प्यावर दम लागला म्हणून पायरीवर टेकले. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला. मग आवाज आला, “ओ बाई, माझ्या छपरावर बसलात तुम्ही.”

वाकून पाहिलं. पायऱ्यांच्या खालीच एक दार होतं, बगलेकडे तोंड केलेलं. पायऱ्या चढणाऱ्याला ते दिसायचं काही कारणच नाही. दारात गळ्यात टेप घातलेली शिवणवाली. मी उठायला लागले तर म्हणाली, “बसा हो, पडत नाही ते. तुमच्याहून जाड लोक जातात त्याच्यावरून.” पाणी आणून दिलं. गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, “नंबरवाल्या का?”

“हो. तुमच्याकडे येऊन गेले असतील.”

“वरून गेले. दोनदा. पहिल्यांदा दोघं होती, खडू घेऊन. खिडकीतून त्यांचे पाय दिसले मला. मग आणखी दोघं आली, त्यांचेही पायच दिसले. म्हटलं, आता तरी हाक मारावी. मशीन थांबवून ओरडले. तर म्हणाली, मावशी, तुमच्या दाराला नंबर नाही, तुमचं वेगळ्यात धरलं असेल.”

“वेगळ्यात म्हणजे कशात?”

“ते मी कसं सांगू? नंबर तुमचे.”

मी मान वर केली. पायऱ्यांच्या वरच्या घराच्या चौकटीवर खडूचा आकडा होता. शेजारी बाण, सरळ वर जाणारा. वळचणीखाली असल्यामुळे एक रेघही पुसट झालेली नव्हती. पुढच्या दारावर पुढचा आकडा, पुढचा बाण. शेवटच्या पायरीपर्यंत तसंच. पुसायचे होते ते सगळे आकडे जागच्या जागी.

म्हणजे आमची माणसं बाणामागून बाण चालत गेली. पहिल्यांनी ज्या दारावर आकडा घातला तेच आमच्यांनी घर मानलं. ज्यावर नव्हता ते कोठार असेल, रिकामं असेल, वेगळ्यात असेल. पहिल्यांनी सोडलेला प्रत्येक माणूस आमच्यांनीही सोडला आणि आम्ही कक्षात बसून वाहवा केली, काय जुळतंय म्हणून.

घरात किती माणसं आहेत, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. फेरमोजणी पुन्हा करायची तर ज्यांना काहीच माहीत नाही त्यांनीच ती करायला हवी, आणि मी देखरेख करणारी, माझ्या तोंडून निघालेला आकडा उद्या कुणाच्या तरी कानात राहणार. आतून पोरांचा गलका आणि एका म्हाताऱ्या माणसाचं खाकरणं ऐकू येत होतं. उतरताना बिनआकड्यांची दारं दिसत गेली. पाहायचं नाही म्हणतानाही दिसत गेली.

यांच्या हाताखालच्या कुणीतरी अंगचोरपणा केला. यांना कळलं तर त्या माणसाची धडगत नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

समितीची रीतसर परवानगी काढून आज वरच्या शाळेत गेले. तिथल्या मास्तरांनी त्या गल्लीची पहिली मोजणी केली होती. मधल्या सुट्टीत भेटले. सरळ माणूस आहे. मी विचारलं, पुसायचा कंटाळा केलात का?

त्यांना ते लागलं. “कंटाळा कसला हो? बादल्या भरून तयार होत्या, फडकी भिजवलेली होती. पुसणीच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. म्हणाले, वरच्या भागात कुणी पुसू नका, राहू द्या. मागून येणाऱ्यांना सोपं जाईल.”

“कुठले साहेब?” हे मी का विचारलं कुणास ठाऊक. वरच्या भागाला साहेब एकच आहेत.

मास्तरांना आमचं नातं माहीत नसावं. त्यांनी यांचं वर्णनही केलं, शांत आहेत, कधी आवाज चढवत नाहीत. मी ऐकून घेतलं.

शनिवार, २६ एप्रिल

सोपं जाईल. तीस वर्षं माझ्या तोंडून फेरमोजणी म्हणजे काय ते ऐकलेल्या माणसाला त्या आकड्यांचा अर्थ कळत नाही? मागून येणारे आपल्याच पावलांवर पाय ठेवत आले की आपलं काम बिनचूक दिसतं, हे कुणालाही कळेल. शेवटची जनगणना, नावाला बट्टा नको. आणि तपासायला बायको, म्हणजे कुणी फार खोलात जाणार नाही.

असं लिहावंसं वाटत नाही. पण दुसरा अर्थ मला सापडत नाही.

आज हे दाढी करता करता निरोप समारंभाच्या भाषणाची तालीम करत होते. “मला सांगायला आनंद होतो की माझ्या विभागातून जवळजवळ एकही माणूस सुटला नाही.” मग थांबले, आणि ‘जवळजवळ’ आधी घ्यावं की नंतर, ते म्हणून बघितलं. मी स्वयंपाकघरात होते. पाण्याचा नळ मोठा सोडला.

विचारायची सोय नाही. सही ती सही. आजवर ही सही मला आडोशासारखी वाटत होती. आज पहिल्यांदा तिचा राग आला.

बुधवार, ३० एप्रिल

सरासरीसाहेबांकडे सगळं सांगितलं. मास्तर, खडू, आणि फोन कुणाचा तेही.

ते बराच वेळ पेन्सिल फिरवत होते. मग म्हणाले, “हे बघा, नऊ विभागांतला एक. एकूण आकड्यात मिसळला तर फरक दशांशाच्या पुढे. तुमच्या यजमानांचा महिना राहिलाय. तळटीप टाकू, वरच्या भागाचे निष्कर्ष जपून वापरावेत. सगळ्यांचाच मान राहतो.”

“तळटिपेने दवाखान्याचा दिवस वाढत नाही.”

“तो आपला प्रश्न नाही.”

“जो दोघांनाही सापडला नाही त्याचा प्रश्न मग कुणाचा?”

ते चिडले नाहीत, तेवढा चांगुलपणा त्यांच्यात आहे. फक्त थकल्यासारखे दिसले, माझ्यासारखेच. “बाई, एकदा लिहिलंत की यजमानांकडून खुलासा मागवावा लागेल. मी लिहू का ते? तुमच्या हातून नको.”

इतकी सोपी वाट. क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण मग उद्या कुणी म्हणेल की बायकोने नवऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेतला, आणि ते खोटं ठरणार नाही.

“मीच लिहिते,” म्हटलं. तिथेच बसून लिहिलं. वरच्या भागातली फेरमोजणी स्वतंत्र मानता येत नाही. आकडे विभागप्रमुखांच्या सूचनेवरून पुसले गेले नाहीत. पायऱ्यांखालचं शिवणवालीचं दार दोन्ही मोजण्यांत सुटलं. खुणा पुसून, वेगळ्या माणसांकडून, पुन्हा करावी. विभागप्रमुख हा शब्द लिहिताना अक्षर बिघडलं नाही. मलाच नवल वाटलं.

जिन्यात येऊन रडले. कुणी बघितलं नाही बहुतेक.

शनिवार, ३ मे

काल यांना खुलाशाची नोटीस मिळाली.

संध्याकाळी हे घरी आले, चहा स्वतःच केला, मलाही दिला. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसले. मला वाटलं, आता फुटतील. फुटले असते तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती.

“तुझं लिहिलेलं वाचलं,” म्हणाले.

“विषय नको. अहवाल अजून गेलेला नाही.”

“विषय नाहीच. मी गुडघ्यांबद्दल बोलतोय.”

मी कप खाली ठेवला.

“त्या दिवशी तू टबात पाय सोडून बसली होतीस. घोटे सुजलेले. मी गरम पाणी ओतलं तेव्हा तू डोळे मिटलेस आणि तुझ्या तोंडून असा आवाज आला... मी तुला बाळंतपणानंतर तसं कण्हताना ऐकलं नव्हतं. देखरेख तुझीच आहे हे मला माहीत होतं. तुझी माणसं वर चुकली की तुलाच पुन्हा पुन्हा चढून जावं लागणार. मी फोन केला की बाण तेवढे राहू द्या. म्हणजे कुणाला हुडकत बसायला नको, तुला वर जायला नको. एवढंच होतं गं डोक्यात.”

“आणि मी इतकी वर्षं जे सांगत आले ते?”

“ऐकलंय मी. पण मला वाटायचं, आकडे राहिले तर घर सापडायला मदत होते. मागचा माणूस दार मोजायचं सोडून आकडेच मोजत जाईल, हे नाही सुचलं. मी दारं मोजत आलो ना जन्मभर.” मग म्हणाले, “तुला काय वाटलं होतं?”

मला काय वाटलं होतं ते मी सांगितलं नाही. यांना ते कळलं. चहाचे कप उचलून आत गेले आणि विसळत बसले, दोन कपांना लागतो त्याच्या कितीतरी पटीने जास्त वेळ.

लाज वाटली. या माणसाला मी मनातल्या मनात लबाड ठरवून टाकलं, त्याच्या हातचं जेवले, त्याच्या शेजारी झोपले. एवढ्या दिवसांत एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर? हमीपत्र होतं हे खरं. पण हमीपत्र नसतं तरी विचारलं असतं का, याची मला आता खात्री देता येत नाही.

लिहिलेलं मात्र मागे घेणार नाही. चूक प्रेमाने केली म्हणून शिवणवाली मोजली जात नाही.

शुक्रवार, ९ मे

समितीने मान्य केलं. वरच्या भागात पुन्हा मोजणी, नवी माणसं. यांना लेखी समज मिळाली. खात्यातल्या काहींनी बोलणं टाकलंय म्हणे, माझ्याशी नाही, यांच्याशी. निरोप समारंभ होईल, पण भाषण नको असं यांनीच कळवलं. आरशापुढची तालीम बंद आहे.

लेकीला सगळं कळलंय. फोनवर म्हणाली, “तू दुसरं काय करणार होतीस?” मग म्हणाली, “पण आई, बाबांनी तरी दुसरं काय केलं?” दोन्ही प्रश्नांना मी हूं म्हटलं.

बुधवार, १४ मे

हे दोन दिवस सकाळीच बाहेर पडतायत आणि उन्हं उतरल्यावर येतायत. बाह्या ओल्या, नखांत पांढरा खडू. मी विचारलं नाही. कक्षात मात्र कळलं. पुसणी खात्याची जबाबदारी, तिथल्या पोरांनी टाळाटाळ चालवली होती, तेव्हा हे स्वतः बादली आणि फडकी घेऊन वर गेले. प्रत्येक दारी थांबून पुसतायत. मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत असूनही पाणी आणून देतात.

सरासरीसाहेब म्हणाले, “निवृत्तीला दोन आठवडे राहिलेला अधिकारी दारं धुतोय. याची सरासरी काढता येत नाही मला.”

शुक्रवार, १६ मे

आज पुसून संपलं. सोमवारी माझी नवी माणसं वर जाणार.

हे आले ते दारातच बसले, पायऱ्या उतरून पाय थरथरत होते. या खेपेला पाणी मी गरम केलं. टबात पाय सोडले तेव्हा यांनीही डोळे मिटले. मी खाली बसून पोटऱ्या चोळत होते. फार दिवसांनी असं जवळ बसले असेन.

“तुझ्या त्या शिवणवालीकडे गेलो होतो,” म्हणाले. “तिच्या दारावर पुसायला काही नव्हतंच. आकडाच नव्हता. तरी गेलो. तिने आत बोलावलं. पायऱ्यांखाली ते घर किती आत जातं माहीत आहे? मोजणीच्या वेळी मी स्वतः त्या पायऱ्यांवरून तीनदा गेलो होतो. एकदा तिथेच उभा राहून मास्तरांना म्हणालो होतो, ही गल्ली झाली.”

मी हात थांबवले.

“मी इतका फिरलो, आणि माझ्या पायाखाली माणसं राहत होती. मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला म्हातारा, पोटमाळ्यावर पोरं. मी बसलो आणि एकेकाला नाव विचारलं. सगळ्यांना. अगं, त्या एवढ्याशा जागेत ती एकूण...”

मी यांच्या तोंडावर हात ठेवला. “सांगू नका. सोमवारी माझी माणसं जातायत.”

डोळे भरून आले होते, माझेही. यांनी मान हलवली. मी हात लगेच काढला नाही.